दुसरी सही

मुलाखतीचं पत्र शुक्रवारी आलं. गिनालिनची नोकरी गुरुवारीच गेली होती.

पत्राची बातमी लपणं शक्यच नव्हतं, कारण ते आलं तेव्हा आई, नोर्मा, तिच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होती. अकरा फेब्रुवारी, सकाळी सात, अमेरिकन वकिलात, मनिला. दोन वर्षं ज्या तारखेकडे डोळे लावून बसलो ती ही. नोर्मानं संध्याकाळपर्यंत कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या गावाला, अर्ध्या स्टॉक्टनला, फोन केले. जावई येणार, पुढच्या महिन्यात व्हिसा, ईस्टरला घरात. फोन ठेवला की लेकीला मिठी, मिठी सोडली की पुढचा फोन. अशा वेळी गिनालिननं काय सांगायचं? गोठवलेल्या भाज्यांचा कारखाना विकला गेला, अकरा वर्षांच्या नोकरीची एका पाकिटात बोळवण झाली, हे तिनं पोटातच ठेवलं.

शनिवारी सकाळी मात्र ती चर्चच्या हॉलमध्ये जाऊन आली. तिथे मिसेस दुमलाव नावाची वकीलबाई आठवड्यातून एकदा लोकांचे कागद फुकट बघते. तिनं चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं की नवऱ्याला बोलावणाऱ्या बायकोचं उत्पन्न आजचं लागतं, गेल्या महिन्याचं चालत नाही. गिनालिनचं हमीपत्र राहीलच, पण त्याच्या जोडीला दुसऱ्या कुणीतरी जामीन राहायला हवं. इथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी, आणि कमाई पुरेशी. नातेवाईकच पाहिजे असं नाही, पण अनोळखी माणूस ही सही करत नाही.

"का करत नाही?" गिनालिननं विचारलं होतं.

"कारण ती पुसता येत नाही. तुझा नवरा इथला नागरिक होईपर्यंत, नाहीतर त्याच्या नावावर दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत, जामीनदार बांधलेला. तुमचा घटस्फोट झाला तरी बांधलेला."

त्याच दिवशी तिनं नवऱ्याला, रोडेलला, फोन केला. तो फिलिपिन्समध्ये, इलोइलोच्या धक्क्यावर प्रवासी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सगळं ऐकून तो म्हणाला की तू जेवलीस का. हेच आधी विचारलं त्यानं. नंतर म्हणाला, वकिलातीच्या खिडकीपुढे उभं राहून मी खोटं बोलणार नाही. मला येत नाही, माझे कान लाल होतात.

त्यामुळे रविवारी सकाळी, सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या सणाच्या, जेवणाची तयारी चालू असताना, तिनं आईला सांगून टाकलं.

हे जेवण या माग्बानुआ कुटुंबात दर जानेवारीत असतं. शतावरीच्या मळ्यात कमरेत वाकून आयुष्य काढलेल्या गिनालिनच्या आजोबांनी ते सुरू केलं, त्याला आता साठ वर्षं व्हायला आली. नोर्मा पोळपाटाएवढ्या फळीवर पन्सित मोलोच्या सुपात सोडायच्या पाऱ्या भरत होती. सारणाची गोळी, चिमूट, बाजूला, पुन्हा गोळी. लेकीचं बोलणं संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत. अजून चार-पाच मोलो वळून झाले, तेव्हा ती म्हणाली,

"कागदावर नोकरी आहे ना?"

"नानाय, कागद जुना आहे."

"म्हणजे आहे. त्यांना कोण सांगणार? तू नको सांगूस, मी नाही सांगत."

"ते कारखान्यात फोन करतात. आणि रोडेल सांगेल. तो खोटं बोलणार नाही."

"बघ बाई, असा नवरा मिळाला तुला," नोर्मा म्हणाली. हे कौतुक होतं की तक्रार, तिचं तिलाच कळलं नसावं. तिनं पिठाचे हात ॲप्रनला पुसले, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात लेकीला समजावलं की घाबरायचं नाही. माझं पेन्शन पुरणार नाही हे खरं. पण मानोंग आहे. म्हणजे तिचा मोठा भाऊ, नेस्टर. म्हाताऱ्यांना सांभाळायची दोन घरं चालवतो, दोन्ही भरलेली. तो आज येतोयच. जेवण होऊ दे, मग मी हळूच विषय काढते. तू मध्ये बोलू नकोस.

गिनालिननं मान हलवली. तिला एकदम हलकं वाटलं. इतकं की राहिलेले मोलो तिनं आईच्या दुप्पट वेगानं वळले.

*

नेस्टर त्या दिवशी खुशीत होता. अख्खं भाजलेलं डुक्कर त्यानं स्वतःच्या गाडीतून आणलं होतं आणि उतरवताना भाच्यावर, आर्नेलवर, तो तीन वेळा ओरडला, तेही हसत हसत. आर्नेल गिनालिनचा थोरला भाऊ, ट्रक चालवतो. त्याची बायको टेस चार पोरांच्या तोंडांना काजळीचे पट्टे ओढत होती, कारण इलोइलोत सणाला तसे रंगतात, आणि पोरं बादल्या बडवत अंगणात नाचत होती. चर्चमधून आलेले शेजारी जेवून, डबे भरून घेऊन गेले. दुपारी दोनच्या सुमाराला टेबलाभोवती घरचीच माणसं उरली.

पासष्टीच्या नेस्टरला अशा वेळी बोलायला आवडायचं. तो ग्लास घेऊन उभा राहिला. आपल्या वडिलांनी या देशात एकट्यानं पाऊल ठेवलं, तीस वर्षं लग्नाशिवाय काढली, आणि आज त्यांच्या नातीच्या नवऱ्याला सरकार स्वतः बोलावतंय, असं तो म्हणाला. रोडेल आला की त्याला दुसऱ्या दिवशी कामाला लावतो, माझ्या दोन्ही घरांचे बॉयलर रडतायत, हेही म्हणाला. सगळे हसले.

गिनालिन हसली नाही. तिनं आईकडे बघितलं. नोर्मानं डोळ्यांनी खुणावलं, थांब. पण मामा उभा होता, ग्लास वर होता, आणि त्या आनंदात खाली मान घालून बसणं तिला जमेना.

"तियो नेस्टर, मला एक सांगायचंय," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. कारखाना, मिसेस दुमलाव, दुसरी सही. मागितलं मात्र काहीच नाही. सांगून झाल्यावर ती नुसती बसून राहिली, आणि न मागितलेलं टेबलावर सगळ्यांना दिसत राहिलं.

पहिला बोलला आर्नेल. "मी करतो सही. त्यात काय."

टेसनं नवऱ्याच्या पोटरीवर पाय मारला. पण आवाजात राग नव्हता. ती म्हणाली की सही करायला माझी ना नाही, पण हिशोब माणशी असतो. आपण सहा, त्यात रोडेल सातवा. तुझा पगार सहा जणांनाच जेमतेम पुरतोय, वकिलातीतला माणूस एका नजरेत परत पाठवेल. आर्नेलनं मनातल्या मनात बोटं मोजली.

मग आपोआप सगळ्यांचे चेहरे नेस्टरकडे वळले.

नेस्टर हळूच खाली बसला. त्याला त्या क्षणी टेबल दिसतच नव्हतं. त्याला कोर्टातली एक खोली दिसत होती, चौदा वर्षांपूर्वीची. पांढरे दिवे, आणि समोरच्या वकिलाच्या हातात त्याचीच सही असलेला कागद. बायकोला, बेलेनला, इलोइलोहून आणताना त्यानं त्या कागदावर न वाचता, एका पायावर उभं राहून सही केली होती. इतका घाईत होता तो. इतका प्रेमात होता, खरं म्हणजे. सहा वर्षांत ते सगळं विटलं, त्यानंच घटस्फोट मागितला, आणि मग कळलं की बायको सुटते, कागद सुटत नाही. बेलेनची पाठ गेली, ती वर्षभर अंथरुणावर होती, आणि न्यायाधीशानं त्याला सांगितलं की ही तुझी जबाबदारी. चौदा महिने त्यानं ती पाळली, दात-ओठ खात.

"मी करणार नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बारीक आला. "पोरी, रोडेल चांगला असेल. तूही चांगली आहेस. पण मी एकदा पोळलोय. दुसरं काहीही माग. तिकीट माग."

"तिकिटाचा काय उपयोग, व्हिसाच नसेल तर?" आर्नेल म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलतो. आत्ता ग्लास वर करून बोलत होतात ना तुम्ही?"

नोर्मानं मुलाला दटावलं. मग भावाची बाजू घेतली, मग लेकीची, आणि पाच मिनिटांत एकाच वाक्यात दोघांचीही घ्यायला लागली. मानोंगचं बरोबर आहे, त्यानं खूप सोसलं. पण मानोंग, ही काही बेलेनसारखी नाही, रोडेल काही तसल्या माणसांतला नाही. ते नाव तिच्या तोंडून निसटलं तसं टेबल थंड झालं. चौदा वर्षांत या घरात ते कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

आणि टेस, जी या घरात लग्न होऊन आली तेव्हा बेलेन केव्हाच गेली होती, जिनं तिला फक्त फोटोंतून कापलेली जागा म्हणून पाहिलं होतं, ती शांतपणे म्हणाली,

"त्यांनाच का नाही विचारत?"

"कुणाला?"

"बेलेनबाईंना. माझ्या आईचं डायलिसिस त्याच करतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. नागरिक आहेत. एकट्या आहेत. कमाई आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त असेल." पोराच्या गालावरची काजळी पुसत ती पुढे म्हणाली, "दर वेळी विचारतात, गिनालिन कशी आहे."

नेस्टर खुर्ची मागे सारून उठला. त्या बाईच्या दारात जर या घरातलं कुणी गेलं, तर पुढच्या वर्षी जेवणाला मला बोलावू नका, असं म्हणाला. बोलताना तो बहिणीकडेच बघत होता. त्याला खात्री होती. साठ वर्षांत नोर्मा कधी त्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

नोर्मानं पाठीमागे हात नेऊन ॲप्रनची गाठ शोधली. सुटेना. गिनालिननं उठून ती सोडवली.

"मानोंग, जेवण सगळं आहे," नोर्मा म्हणाली. "वाढून घ्या. आम्ही जाऊन येतो."

*

गाडीत बसल्यावर नोर्मा पट्टा न लावता नुसता हातात धरून बसली. गिनालिननं विचारलं, एकटी जाऊ का मी? नोर्मा नको म्हणाली. मग आपणहूनच बोलायला लागली.

ती म्हणाली, तुला माहीत नाही. बेलेनचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून ओसरीवर मी ठेवले होते. भावानं नव्हे, मी. आणि चर्चमध्ये बायकांना सांगितलं होतं की ही कागदासाठीच आली होती, कागद मिळाला आणि रंग दाखवला. भाऊ म्हणाला म्हणून मी म्हणाले. खरं काय ते मला दिसत होतं. त्याच्या म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिची पाठ गेली. पगारही नव्हता. घरचीच आहे, तिला कसला पगार, असं म्हणायचो आपण. पगार नव्हता म्हणून सरकारदरबारी तिचं कामही कुठे धरलं गेलं नाही.

"तिनं माझ्या वेण्या घातल्यात, नानाय," गिनालिन म्हणाली. "मी बारा वर्षांची होते. तू कधीच सरळ भांग पाडला नाहीस."

"तेवढं खरं आहे," नोर्मा म्हणाली, आणि एवढ्या सगळ्यात दोघींना हसू आलं.

*

बेलेन आठवड्याचे गणवेश इस्त्री करत होती. रविवारची दुपार तिची ठरलेली. खिडकी उघडी, रेडिओवर गाणी, पाच निळे सदरे एका ओळीत. पन्नाशीच्या बेलेनला हे एकटेपण आता अंगावर नीट बसलं होतं. दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, शेजारीण साखर मागायला आली असेल.

दारात गिनालिन होती, आणि तिच्यामागे, अर्धी लपल्यासारखी, नोर्मा. सणाचा फुलाफुलांचा झगा, आणि कोपरांना अजून सकाळचं पीठ.

बेलेननं आधी गिनालिनकडे बघितलं. मोठी झाली होती. हनुवटी तीच.

"आत ये, इंदाय," ती म्हणाली. लेकीला, लहान बहिणीला मायेनं म्हणतात तसं. मग नोर्माला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, म्हणाली, "तुम्हीही या, मानांग."

तिनं इस्त्रीची पिन काढली, रेडिओ बंद केला, खुर्च्या दिल्या. पाणी दिलं. ती ते सगळं नेहमीपेक्षा सावकाश करत होती. गिनालिननं मान खाली घालून, पण न अडखळता, सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाली, "तिया, तू नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. आम्ही कुठल्या तोंडानं आलो ते मला माहीत आहे."

"कागद आणलायस?"

गिनालिननं पिशवीतून कोरा अर्ज काढला. बेलेननं चष्मा लावला आणि वाचायला घेतला. पहिल्या पानापासून. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी ऐकू येत होतं. नोर्मा कोपरावरचं पीठ खरवडत होती.

"मी तुझ्याबद्दल वाईट बोलले," ती एकदम म्हणाली. "खोटं बोलले. तुझं सामान मी बाहेर ठेवलं. मला माफ कर असं म्हणायला मी आले नाही, कारण आज मी मागायला आलेय आणि आजची माफी फुकटची होईल. पण ऐकून घे. ते खोटं होतं, आणि मला तेव्हाही माहीत होतं."

बेलेनचं बोट ओळीवर थांबलं.

तिनं किती वेळा हे वाक्य मनात ऐकलं होतं. बसच्या थांब्यावर, रात्रपाळीनंतर, अभ्यासाच्या पुस्तकांवर डोकं टेकून. कल्पनेत ते ऐकून ती दरवेळी काहीतरी तिखट बोलायची. आता तिला त्यातलं काहीच आठवेना. समोर एक साठीची बाई होती, पीठ वाळून हातांना तडे गेलेली, आणि ती तिच्या नजरेला नजर देऊन बसली होती.

"मानांग, त्या वर्षी मी पाठीवर पडून होते," बेलेन म्हणाली. "माझ्याकडे कुणी आलं नाही. तुम्ही नाही, चर्चची माणसं नाहीत. मला जेवायला घातलं ते या कागदानं. त्याच्या जिवावर मी उभी राहिले, शिकले, नोकरीला लागले. नेस्टरला तो फास वाटतो. मला नाही वाटत."

तिनं शेवटचं पान उलटलं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "पैशाची नाही. उद्या या दोघांचं बिनसलं, तर तो पोरगा माझ्या दाराशी येईल. हक्कानं येईल. त्या दिवशी तुमच्या घरातल्या कुणीही म्हणायचं नाही की तो कागदासाठी आला होता. कुणीही. हे कबूल असेल तर पेन द्या."

नोर्मा लगबगीनं उठली. तिनं झग्याच्या खिशात, मग पर्समध्ये, मग पुन्हा खिशात पेन शोधलं. शेवटी बेलेननंच टेबलाच्या खणातून काढलं.

सही झाल्यावर बेलेन एकदम उभी राहिली आणि तिच्यात वीस वर्षांपूर्वीचा जोर आला. नुसत्या सहीवर काही होत नाही, ती म्हणाली. तीन वर्षांचे कराचे कागद लागतील, नोकरीचं पत्र, नागरिकत्वाचा दाखला. उद्या माझी सकाळची पाळी, परवा कार्यालयातून पत्र आणते. मूळ प्रती कुरियरनं, आणि त्याआधी फोटो काढून संगणकावर. आणि त्या मुलाचा नंबर दे, मला त्याच्याशी बोलायचंय. ज्याच्यासाठी जामीन राहतेय त्याचा आवाज तरी ऐकू दे.

*

पुढचे अडीच आठवडे कसे गेले ते कुणालाच नंतर नीट सांगता आलं नाही. गिनालिन सकाळी नोकरीचे अर्ज पाठवायची आणि दुपारी कागद. एका दाखल्यावर बेलेनचं माहेरचं नाव चुकीचं निघालं, त्यात तीन दिवस गेले. आर्नेलनं ट्रक वळवून बेलेनला दुरुस्तीसाठी सॅक्रामेंटोला नेऊन आणलं. कुरियर मनिलाऐवजी सेबूला जाऊन बसला, तेव्हा टेसनं दोन तास फोनवर कुणाला तरी असं सुनावलं की तो माणूस शेवटी स्वतःहून पाकीट शोधायला निघाला. बेलेन रोज पाळी संपली की रोडेलला फोन करायची आणि त्याची उलटतपासणी घ्यायची. लग्नात पाऊस होता का? बायको कुठल्या कुशीवर झोपते? सासूचं पूर्ण नाव? दुसऱ्या आठवड्यात तो तिला विचारायला लागला, तिया, आज पाठीचं कसं आहे?

नेस्टरचा फोन नव्हता. नोर्मा दर रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकाकडे बघायची. तो मान वळवायचा नाही.

मनिलात अकरा तारखेची सकाळ उजाडली तेव्हा स्टॉक्टनमध्ये दहा तारखेची दुपार होती. इकडे तीन वाजले तेव्हा तिकडे रोडेल फोन बाहेर ठेवून वकिलातीच्या आत गेला. नोर्माच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. बेलेन पाळीवरून थेट आलेली, निळ्या सदऱ्यातच. चौदा वर्षांनी ती या दारातून आत आली, तेव्हा नोर्मानं तिला चुलीजवळची खुर्ची दिली, जिथे घरच्याच बायका बसतात.

चार वाजले. साडेचार. टेसनं तीनदा चहा केला, कुणी प्यायलं नाही. पाचच्या सुमाराला दार वाजलं आणि आर्नेलनं धावत जाऊन उघडलं. पण दारात नेस्टर होता. कोट घालून आला होता. इकडून चाललो होतो, म्हणाला. त्यानं बेलेनला बघितलं, हॅट काढली, आणि दाराजवळच भिंतीला टेकून उभा राहिला.

पाच दहाला फोन आला. गिनालिननं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"झालं," रोडेल म्हणाला. धापा टाकत होता. मागे गाड्यांचे हॉर्न. "पण पासपोर्ट परत नाही दिला. ठेवून घेतला त्यांनी."

नोर्मानं छातीवर क्रूसाची खूण केली. पासपोर्ट काढून घेतला म्हणजे सगळंच गेलं, असं ती पुटपुटायला लागली. आर्नेलनं टेबलावर मूठ आपटली.

"थांबा, थांबा," बेलेन ओरडली. तिला ओरडताना या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. "ठेवून घेतात म्हणजे दिला. व्हिसा त्यातच चिकटवतात. नाकारतात तेव्हा हातात परत देतात. तोतो, बाळा, चिठ्ठी दिली का? रंग कुठला?"

"पांढरी. वर लिहिलंय, मंजूर."

मग काय झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. टेसनं आर्नेलला, आर्नेलनं गिनालिनला, गिनालिननं बेलेनला धरलं, पोरं अंगणातून धावत आली आणि कारण न कळताच उड्या मारू लागली. नोर्मा रडत होती आणि रडतानाच म्हणत होती की त्याला कुणीतरी जेवायला सांगा, सकाळपासून उपाशी असेल तो.

रोडेल सांगत होता. साहेबानं नोकरीबद्दल विचारलं, मी खरं सांगितलं. मग त्यानं दुसरं हमीपत्र काढलं आणि म्हणाला, ही बाई तुमची कोण? आडनाव जुळत नाही. मी म्हटलं, माझ्या बायकोच्या तिया. मी त्यांना अजून प्रत्यक्ष बघितलं नाही, पण गेले अडीच आठवडे त्या रोज माझी तयारी करून घेतायत, आणि तुमच्यापेक्षा अवघड प्रश्न विचारतात. तो हसला, आणि मग शिक्का मारला.

सगळे हसले. भिंतीजवळून नेस्टर पुढे आला. तो बेलेनपासून दोन हातांवर थांबला, हॅट दोन्ही हातांत धरून.

"तुला काय विचारलं होतं?" तो म्हणाला. "तुझ्या मुलाखतीत. मी कधी विचारलंच नाही तुला."

बेलेननं त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण तिनं उत्तर सोपंही केलं नाही.

"विचारलं होतं, हा माणूस तुमची काळजी घेईल का," ती म्हणाली. "मी म्हटलं, हो. मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नव्हता."

नेस्टरनं मान खाली घातली. "मीही न वाचता सही केली होती," तो म्हणाला. "कागद वाचला असता तरी केली असती, तेव्हा."

"माहीत आहे मला," बेलेन म्हणाली.

खोलीत कुणीच काही बोलेना. पोरंही थांबली. टेबलावरच्या फोनमधून, मनिलाच्या रस्त्याच्या गोंगाटातून, रोडेलचा घाबरलेला आवाज आला.

"हॅलो? ऐकू येतंय का? आहे का कुणी?"

गिनालिनचा हात फोनकडे गेला, पण बेलेन जवळ होती. ती वाकली.

"आहोत, तोतो," ती म्हणाली. "सगळे आहोत. तू आधी काहीतरी खाऊन घे."